दोन बोटं वाढीव

सोमवार, ४

पोचले एकदाची. गाडीतून उतरताना दोन्ही गुडघ्यांनी कुरकुर केली, पण फलाटावर नात धावत आली आणि अशी बिलगली, की पिशवी एकीकडे नि चष्मा दुसरीकडे. लेकीनं पिशवी उचलली तर आतून कात्री आणि रिळं खुळखुळली. महिनाभर राहायला आलीस की दुकान मांडायला, असं तिनं विचारलं. जावईबापू म्हणाले, शिलाई मशीन मागच्या गाडीनं येतंय वाटतं. या घरात थट्टा केल्याशिवाय कुणाला जेवण पचत नाही. मला बरं वाटलं.

नात सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिला महिन्याची सुट्टी आहे, आणि लेक-जावई सकाळी आठला कामावर जातात ते सहाला उगवतात, म्हणून मला बोलावणं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, पण खिडकी मोठी. तिच्यातून एका राजवाड्याचे दोन मनोरे दिसतात. या शहरात पूर्वी राजे होते आणि त्यांचं एका महालावर भागत नसे. आम्ही बाया चादर बदलतो तसे ते राहतं घर बदलायचे. जावईबापूंनी आम्हा दोघींचे पास काढून ठेवलेत. महिनाभर, शहरातले नऊच्या नऊ किल्ले आणि राजवाडे. आधी गुडघ्यांची परवानगी घ्या, म्हणाले.

हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज वहीत चार ओळी लिहायची सवय लावून घेतलीय. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन-लेखन गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून पक्कं केलं. चुका असतील, पण वाचणार कोण आहे.

बुधवार, ६

काल भिंगरीचं माप घेतलं, तिला निळ्या कापडाचा झगा शिवायचाय. उंची साडेसेहेचाळीस इंच. इतकी वळवळ केली, की मासळीचं माप घेतेय असं वाटलं. वरचा पुढचा नवा दात अर्धा उगवलाय, तो आरशात बघायला दर पाच मिनिटांनी पळत होती.

आज पहिला किल्ला. नदीकाठचा, जाड भिंतींचा. एकशे बारा पायऱ्या. मी सत्तराव्या पायरीवर बसले, भिंगरी वर जाऊन, खाली येऊन, परत वर गेली. माहिती सांगणारा माणूस उंच, वाळका. आकाश कोरडं ठणठणीत असलं तरी हातात मिटलेली छत्री, ती वर करून लोकांना मागे मागे नेतो. आम्ही त्याचं नाव छत्रीवाला ठेवलं. पासवाल्यांना सगळीकडे तोच नेणार, म्हणजे महिनाभर त्याचीच संगत. तो लढाया सांगत होता तेवढ्यात भिंगरीनं विचारलं, राजा शी करायला कुठे जायचा. सगळे हसले आणि मग सगळ्यांनीच कान टवकारले. भिंतीत एक भोक आहे, त्याच्या खाली थेट खंदक.

मी आपली कापडं बघत होते. राजाच्या पलंगाचे पडदे समोरून मखमल नि जर, मागून पाहावं तर कच्चे टाके, तेही घाईचे. कुण्या शिवणारणीच्या मानेवर बसून करून घेतले असणार. तिची कीव आली.

शुक्रवार, ८

आजचा राजवाडा लहान, बागेतला. राजाची मुलं इथे वाढायची. वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. पाच छोटे पलंग, डुलणारा लाकडी घोडा, खिडक्यांना गज. खरी बघण्यासारखी आहे ती दाराची चौकट. तिच्यावर सुरीनं कोरलेल्या आडव्या रेघा, पाच मुलांच्या पाच रांगा. छत्रीवाल्यानं सांगितलं, की दर वाढदिवसाला घरची शिवणारीण मुलाला चौकटीला टेकवून उभं करायची आणि डोक्याशी रेघ मारायची. दाराची लोखंडी कडी मुद्दाम उंच बसवलीय. घरचा नियम असा, की ज्याचा हात टाचा न उचलता कडीला पोचेल त्यानं आपलं आपण दार उघडून बाहेर जावं. तोवर बागेतसुद्धा पाऊल नाही.

चार रांगा वर वर चढत गेल्यात. पाचवी, धाकट्या मुलीची, मध्येच अडकलीय. शेवटच्या कितीतरी रेघा एकीवर एक, मिळून एकच खोल खाच झालेली. छत्रीवाला म्हणाला, ती वाढायचीच थांबली. कुणीतरी विचारलं, मग ती बाहेर कधी गेली. त्यानं छत्री वर केली आणि पुढच्या दालनाकडे चालू लागला.

त्या खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या एक बाई दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्या खिडकी लावायला उठल्या, तेवढ्यात भिंगरी चौकटीला पाठ लावून ताठ उभी. आजी, माझंही. आजी, माझंही. माझ्या पिशवीत खडू कायमचा असतो आणि हाताला चाळीस वर्षांची सवय. डोक्याशी रेघ मारली. मग वर दोन बोटं सोडून दुसरी रेघ, आणि दोन्हींच्या मध्ये छोटा बाण. मुलांचे कपडे बेतताना आम्ही दोन बोटं कापड जास्त धरतो, पोर वाढलं की शिवण उसवून सोडायला. त्याची ही खूण. इथे वाढायला जागा आहे, असं सांगणारी.

जिना उतरल्यावर लक्षात आलं, की भिंगरीची रेघ नेमकी धाकटीच्या रांगेत, तिच्या त्या खाचेवरच पडली. पुसायला हवी होती. पण खडूच तो, कुणाची तरी बाही लागून जाईल.

सोमवार, ११

राजवाडे सोमवारी बंद असतात, म्हणून झगा पुरा केला. घालून पाहिला तर कड गुडघ्याखाली चार बोटं यायची ती सहा बोटं आली. चाळीस वर्षांत मी माप चुकले नाही असं नाही, पण उंचीत कधी नाही. टेप लावली. साडेपंचेचाळीस.

लेक म्हणाली, टेप जुनी, ताणली गेली असेल. ताणलेली टेप माप कमी दाखवते हे खरं, पण मंगळवारी हीच टेप होती. जावईबापूंनी त्यांची पत्र्याची टेप आणून लावली. साडेपंचेचाळीस. आई, तुम्ही पोरीला गरम पाण्यानं आंघोळ घालता का, आटली बघा, असं म्हणाले. मीही हसले. कड वर दुमडून टाकली.

बुधवार, १३

पंचेचाळीस.

आज मोठ्या राजवाड्यात गेलो होतो. आरशांचं दालन, माझ्याएवढाली झुंबरं. मी काही धड पाहिलं नाही. गेल्या आठवड्यात भिंगरी भिंतीवरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती, छत्रीवाल्याला दम घेऊ देत नव्हती. आज पाटीपुढे उभी राहून हे कोणतं अक्षर, ते कोणतं अक्षर, असं विचारत होती. थट्टा करतेय असं वाटलं. मग बूट पायातून निसटला, आणि नाडी बांधता येईना म्हणून रडली. नाडी ती पाच वर्षांची असल्यापासून बांधते.

वाटेत डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मुलं सकाळी उंच आणि संध्याकाळी बुटकी भरतात, मापात असं होतंच, महिन्यानं या. तोंड उघडून पाहिलं तेव्हा मी वाकून बघितलं. तो अर्धा उगवलेला दात हिरडीत नाही. पडला म्हणावं तर जखम नाही, भोक नाही. उगवलाच नव्हता असं सपाट.

शुक्रवार, १५

लहान राजवाड्यात परत गेलो. भिंगरीला खाली तिकिटाच्या खिडकीशी बसवलं आणि एकटीच वर गेले.

खडू नाही. जिथे खडू होता तिथे कोरलेलं आहे. त्या जुन्या खाचेच्या वर ताज्या रेघा, आत लाकूड पांढरं दिसतंय. मोजल्या. सात. शनिवारपासून आजवर दिवसाला एक. सगळ्यांत वरची माझ्या दोन बोटांच्या रेघेला भिडलीय. तो बाणसुद्धा कोरलाय, पण आता त्या रेघेच्या वर, पुढच्या दोन बोटांसाठी.

खुर्चीवरच्या बाईंना विचारलं. त्या आधी काही माहीत नाही म्हणाल्या. मग आजूबाजूला बघून सांगितलं, की शनिवारपासून रोज सकाळी चौकटीखाली भुसा सांडलेला असतो, त्या झाडतात. कचेरीत कळवलं, तर वाळवी असेल म्हणाले. वाळवी सरळ रेघेत खाते का, असं त्यांनीच मला विचारलं. नंतर हळूच विचारलं, आजी, तुम्ही कुणाचं माप दिलंत तिला.

तिला कुणाला, हे मी विचारलं नाही.

ओल्या रुमालानं घासलं. कोरलेलं पुसलं जात नाही. बाईंनी मला घासू दिलं, माझा फोन नंबर लिहून घेतला, आणि पोरीला पुन्हा इकडे आणू नका म्हणाल्या.

शनिवार, १६

चव्वेचाळीस. आज बोबडं बोलतेय. तीन वर्षांची असताना बोलायची तसं.

लेकीचं तोंड पांढरं पडलंय. मोठ्या इस्पितळात नेऊन आणलं, रक्त घेतलं, अहवाल मंगळवारी. मी चौकटीचं सगळं सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, आई, तूही थकलीस. घरात दिवसभर कुणी थट्टा केली नाही.

रविवार, १७

मी हिशोब मांडला. कडी खूप उंच नाही. धाकटीला आणखी वीतभर मिळालं, की हात पोचेल. ते वीतभर भिंगरीतून गेलं तर भिंगरी मांडीवरचं बाळ होईल. आणि त्यानंतर—

ते लिहीत नाही.

कपड्यावर चुकीच्या माणसाचं माप पडलं तर आम्ही कापड फेकत नाही. रेघेवर दोन तिरप्या फुल्या मारायच्या आणि शेजारी खऱ्या मापाची रेघ ओढायची. मग कात्री त्या रेघेनं चालते. एवढं साधं आहे. मी सदुसष्ट वर्षांची, माझ्यात वाढ भरपूर साचलेली आहे. चार इंच गेले तर जाऊ देत. जाताना गुडघेदुखीही घेऊन गेली तर मीच तिचे आभार मानीन.

आज जायला निघाले तर भिंगरी तापानं फणफणलेली. पाय निघेना. उद्या बंद. परवाच.

सोमवार, १८

त्रेचाळीसला एक सूत कमी. जिना उतरताना दोन्ही पाय एका पायरीवर आणते. कड दुमडूनही निळा झगा अर्ध्या पोटरीवर आलाय. मला आजी म्हणता येत नाही, जी जी म्हणते.

आज बंद. आज बंद. आजचा दिवस सरत नाही.

मंगळवार, १९

केलं.

भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि दार उघडायच्या आत राजवाड्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. वर गेले तेव्हा खुर्चीवरच्या बाई माझ्याकडे बघून उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी रेघांवर फुल्या मारल्या. चौकटीला पाठ लावली. टाचा टेकवल्या, खडू डोक्यावर आडवा धरून रेघ ओढली. वर दोन बोटं. मध्ये बाण.

लाकूड ऊबदार होतं. ताप असलेल्या अंगासारखं.

आणि रेघ मारून झाल्यावर कुणीतरी तळव्यानं माझे केस चापून बसवले. मुलांचं माप घेण्याआधी मी बसवते तसे. बाई खिडकीशीच होत्या. मी मागे पाहिलं नाही.

बुधवार, २०

साडेत्रेचाळीस. वाढली. माझी पोर वाढली. आजी म्हणाली, स्पष्ट. दाताचं टोक हिरडीतून वर आलंय. लेक पत्र्याच्या टेपेला धरून रडत होती.

माझ्या बाह्या बोटांवर येतायत. जिना एका दमात चढले, गुडघे गप्प. म्हटलं होतं तसंच झालं की. जावईबापू म्हणाले, आई, तुम्ही तरुण दिसताय, काय खाताय आम्हालाही सांगा. घरात पुन्हा थट्टा सुरू झाली.

एवढ्यावर भागलं तर सौदा माझ्या फायद्याचा.

गुरुवार, २१

सकाळी चहा केला, चार कप. लेकीनं विचारलं, चौथा कुणाचा. मी म्हटलं, तुझ्या बाबांचा, आणि ते उठले नाहीत का अजून.

तिच्या हातातून बशी पडली.

ती म्हणते, दोन वर्षं झाली. मी वही काढून पाहिली. पहिल्याच पानावर आहे, माझ्या अक्षरात. हे जाऊन दोन वर्षं झाली. मला ते आठवत नाही. त्यांचा डबा भरायचाय असंच वाटतंय.

म्हणजे नुसते इंच जात नाहीत. भिंगरीचा दात गेला, वाचणं गेलं, स्पष्ट बोलणं गेलं. जे शेवटी आलं ते आधी जातं. माझं शेवटचं काय आहे? सात वर्षांची—

नाही. तेवढं नाही.

दुपारी फोन आला. खुर्चीवरच्या बाईंचा. सकाळी खोलीचं दार उघडं होतं. कडी वरून काढलेली. रेघ एका रात्रीत हातभर चढलीय. भुशाची पावलं उमटलीत, अनवाणी, जिन्यावरून खाली, बागेतून फाटकापर्यंत. बाहेर जाणारी. परत येणारं एकही नाही.

मी तिला दोन बोटं सोडून दिली होती. आणि मग कापडाचं सगळं ठाणच पुढ्यात ठेवलं.

भिंगरी पंचेचाळीस.

शुक्रवार, २२. सकाळ

लिहून ठेवते म्हणजे राहील.

मला एक लेक. तिचा नवरा माझा जावई. आत्ता लेकीबरोबर जो तरुण माणूस बाहेर पडला तो. लेक कामावर रजा सांगून लवकर परत येते म्हणाली. तो म्हणाला, आई, आमच्यामागे वरची कडी लावून घ्या. माझा हात कडीला पुरला नाही, स्टूल घेऊन लावली.

मला नात आहे. सात वर्षांची. भिंगरी म्हणतात. निळा झगा.

बाहेरून कुणी आलं तर दार उघडायचं नाही. कुणीही.

दुपार

या घरात एक लहान मुलगी आहे. गोड आहे. दात अर्धा. मला पाटी वाचून दाखवली, सगळी जोडाक्षरं. शेजारच्या काकूंची असेल. तिची आई आली नाही न्यायला.

ही खोली कुणाची— खिडकीतून मनोरे दिसतात. आमच्या गावात मनोरे नाहीत.

टेबल छातीशी येतंय.

थोड्या वेळानं

दारावर थाप. हळू. मग वर, कडीच्या जागी, बोटं फिरल्याचा आवाज.

आजी म्हणतंय कुणीतरी. मुलीचा आवाज. आजी, मी आले. आजी, माझं माप घ्या.

वहीत पाहिलं. मला नात आहे म्हणून लिहिलंय. म्हणजे तीच. खेळायला गेली असेल, बाहेर राहिली. उघडायचं नाही असंही लिहिलंय— ते परक्यांसाठी असणार. नातीला थोडंच बाहेर ठेवतात.

शेजारची पोर माझे पाय धरून रडतेय. आजी नको, आजी मी इथे आहे, म्हणते. तिला काय झालं कळत नाही. कुणी घाबरवलं असेल.

फटीतून पाहिलं. नात उंच आहे माझी. पाय अनवाणी, केस चापून बसवलेले. चांगली वाढलीय.

स्टूल लावलं. आधी तिला आत घेते, या रडणाऱ्या पोरीला गप्प करते, मग पुढचं लि